येशूची सावड

गेल्या महिन्यात आमच्या शेळगावातल्या एका बाईनं पाणंदीत आत्यांना गाठलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्या बाईनं आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आत्या, तुमची सून दर ऐतवारी बारामतीला येशूच्या प्रार्थनेला जाती म्हणं. खरं हाय का?"

"खरं हाय की," आत्या म्हणाल्या.

"मग काय फरक पडला?"

"झोपाय लागली. तुला येती का झोप?"

त्या बाईला झोप येत नाही हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. ती गॅसवर दूध ठेवलंय म्हणून निघून गेली. आत्यांनी हा प्रसंग मला त्या दिवसात तीन वेळा सांगितला, आणि दर वेळी त्या बाईचं तोंड थोडं थोडं जास्त उतरत गेलं.

आत्यांनी सांगितलं ते खरंच आहे. पण माझ्या झोपेची गोष्ट सांगायची तर आधी सावड सांगायला हवी. आज तुम्ही माझ्या रानात खुरपायला या, परवा मी तुमच्या रानात येते. मजुरीचा विषय नाही, दिवसाला दिवस. याला आमच्याकडं सावड म्हणतात. कोण कुणाकडं किती दिवस गेलं हे बायकांच्या डोक्यात पक्कं असतं, पण बहुतेक जणी त्याचा बाऊ करत नाहीत. फिटेल कधीतरी, असं म्हणून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. कुणाची सावड अंगावर राहिली की मला पदरात कुसळ अडकल्यासारखं होतं. ते काढेपर्यंत मी धड जेवत नाही आणि दुसऱ्यालाही जेवू देत नाही.

आमची ढोबळी मिरची आहे, टोमॅटो आहे, थोडा कांदा, थोडी वांगी आणि घराजवळ मेथी-कोथिंबिरीचे वाफे. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवण झाल्यावर मी अंगणातल्या लिंबाखाली गोधडी टाकून आडवी झाले. सकाळपासून मिरची तोडली होती, पाठ मोडून आली होती. घटकाभर पडावं म्हटलं तर गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन बरंच कललं होतं आणि कुणीतरी माझ्या उशाशी खाट आडवी उभी करून ठेवली होती. शेततळ्यावरची मोटार अजून चालूच होती. ती बंद करायला आमचे मालक गेले होते. ते मोटारीशेजारीच पडलेले सापडले.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, कोणी जवळ असतं तरी उपयोग झाला असता असं नाही. मी त्यातलं 'कोणी जवळ असतं' एवढंच घरी आणलं आणि बाकीचं दवाखान्यात सोडलं. त्या दिवसापासून मी दिवसा कधी पाठ टेकली नाही. रात्रीची झोपही अशी, की पान पडलं तरी मी उठून बसायची.

तेराव्यानंतर आळीतल्या अकरा जणींनी मिळून माझा कांदा खुरपून दिला. मी पंधरा दिवसांत अकराही जणींची सावड फेडली. "अगं, थांब की जरा, आमी काय पळून चाललोय व्हय?" असं त्या म्हणत राहिल्या. एकीच्या रानात खुरपण्यासारखं काहीच नव्हतं, तर मी तिची भांडी घासून आले. तिला ते आवडलं नाही, पण माझं कुसळ निघालं.

त्या दुपारबद्दल आत्या आणि मी कधीच बोललो नाही. एकाच चुलीवर जेवायचो, एकाच टीव्हीसमोर बसायचो, मालिकेतल्या सुनेला मिळून नावं ठेवायचो. पण त्या दुपारचा विषय निघेल असं वाटलं की दोघींपैकी एक उठून गुरांकडं जायची. त्यांचा एकुलता एक मुलगा उन्हात पडला होता आणि मी झोपले होते. त्या मनातून मला दोष देतात, पण चांगुलपणामुळं तसं बोलून दाखवत नाहीत, असं मी धरून चालले होते. मला तो चांगुलपणा शिव्यांपेक्षा जड जात होता.

आठवड्यातून एकदा मी बारामतीच्या बाजारात भाजी घेऊन बसते. बसते असं आपलं म्हणायचं. मी उभीच असायची. तिथं माझं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं. जाड चष्मा, आणि एकेक वांगं उजेडात धरून असं बघायच्या की जणू त्याची सोयरीक जमवायची आहे. एकदा त्या म्हणाल्या, "ताई, दोन वर्षं बघतेय, तुम्ही कधी बसत नाही. दमत नाही का?"

"दमते की," मी म्हणाले. "पण बसलं की झोप येते."

"मग दमलेल्यांना बोलावणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. याल का त्याच्याकडे?"

मला वाटलं, कुणी मजुरांचा मुकादम असेल. म्हटलं, "दमलेल्यांना कोण बोलावतंय? मुकादम तर आधी दंड बघतो."

त्या इतक्या हसल्या की पिशवीतली वांगी रस्त्यावर गेली. ती गोळा करता करता त्यांनी सांगितलं की त्या येशूबद्दल बोलत होत्या. त्यांचे यजमान पाळक होते, म्हणून सगळे त्यांना पाळकबाई म्हणायचे. एका पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये त्यांची रविवारची उपासना भरायची. मला खोटं बोलता येत नाही; पहिल्या रविवारी मी गेले ती वांग्याचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.

तिथं तीसेक माणसं होती. एक पेटी, एक ढोलकी, खाली सतरंज्या. गाणी आपल्याच चालीची, त्यामुळं टाळ्या कुठं वाजवायच्या ते मला लगेच कळलं. मग पाळक उठले. अंगानं काटकुळे, बोलणं इंदापूरकडच्या शेतकऱ्याचं. त्यांनी येशूला खिळे मारले त्या दिवसाचं सांगितलं, आणि मधेच थांबून म्हणाले, "हे त्यानं तुमच्यासाठी सोसलं." समोर तीस माणसं होती, पण मला वाटलं, माझ्याकडंच बघून म्हणाले. मी रडले. मालक गेले तेव्हाही मी चारचौघांत रडले नव्हते. तेव्हा मोटार बंद करायची होती, आल्यागेल्याला चहा करायचा होता.

हलकं वाटायला हवं होतं, आणि हॉलचा जिना उतरेपर्यंत वाटतही होतं. पण एसटीत बसल्यावर माझं डोकं चालू झालं. त्यानं जीव दिला. कुणासाठी? माझ्यासाठी. म्हणजे कुणाच्या रानात राबला? माझ्या. मग त्याच्या रानात मला जायला नको? एवढी मोठी सावड माझ्या अंगावर आजवर कधीच आली नव्हती. विसावा राहिला बाजूला, घरी पोचेपर्यंत मला नवंच कुसळ लागलं होतं.

पुढच्या रविवारी उपासनेच्या दोन तास आधी मी घरचा खराटा घेऊन हजर. हॉल झाडला, सतरंज्या झटकल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सतरंज्या धुतल्या. त्या वाळल्या नाहीत, सगळ्यांनी ओल्यावर बसून स्तुती केली. मग पंखे पुसले. मग घरून भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला लागले, तीस माणसांची. पाळकबाई म्हणायच्या, "ताई, कशाला एवढं? बसा, गाणं सुरू होतंय." मी म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." गाणी मी बहुतेक जिन्यातून ऐकली. प्रार्थनासुद्धा तशीच. बाकीचे देवाकडं काही मागायचे, आणि मी डोळे मिटून विचारायची, अजून काही काम आहे का.

हॉलच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ हातभर माती होती. तिथं एकदा मला तण दिसलं. पात हिरवीगार, अगदी रानकांदा माजावा तशी. मी पिशवीतून खुरपं काढलं (खुरपं माझ्या पिशवीत असतंच) आणि सगळं मुळासकट उपटून, मुळ्या वर करून भिंतीकडेला उन्हात ओळीनं मांडलं. आमच्याकडं तण असंच वाळवतात, नाहीतर परत जीव धरतं. पाळकबाई बघायला आल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "किती स्वच्छ झालं हो, ताई." आणि आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. ईस्टरला, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला त्या सणाला, फुलाव्यात म्हणून त्यांनी माहेरून आणून लावलेल्या त्या लिल्या होत्या. हे मला दुसऱ्याच कुणीतरी नंतर सांगितलं. ते ऐकून मी भरपाई म्हणून खिडक्यांच्या काचा धुतल्या.

आत्यांनी माझ्या या धर्माला कधी विरोध केला नाही. त्या त्यांच्या देवाला दिवा लावतात, मी माझी प्रार्थना करते. मधे चहा दोघी मिळून पितो. पण रविवारी संध्याकाळी मी कमरेवर हात ठेवून घरात शिरले की त्या म्हणायच्या, "तुझा देव लई कामाला लावतोय गं. आमचा खंडोबा बरा. वर्सातनं एकदा बोलावतो, आन् भंडारा लावून घरी धाडतो."

"तसं नाही आत्या, तो विसावा देतो."

"मग कधी देणार हाय? इचारून तरी घे."

चार महिने हे असं चाललं. मग एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून येशूची आठवण करायचा दिवस. एवढा मोठा दिवस म्हणून मी पहाटेच उठले. टोमॅटो तोडून क्रेट भरून ठेवले, गुरांचं आवरलं, भाकऱ्या थापल्या, मिळेल त्या गाडीनं बारामती गाठली आणि झाडायला लागले. अर्धा हॉल झाडून झाला तोवर पाळकबाईंनी माझ्या हातातून खराटा सरळ काढून घेतला आणि मला भिंतीला टेकून बसवलं. "आज तरी," त्या म्हणाल्या. पहिलं गाणं सुरू झालेलं मला आठवतं. त्यानंतरचं काहीच आठवत नाही.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी घोरायला लागले. आधी बारीक, मग ट्रॅक्टर चढाला लागावा तशी. कुणीतरी मला हलवायला उठलं, तर पाळकबाईंनी नुसता हात वर केला. माझ्या डोक्याखाली सतरंजीची गुंडाळी सरकवली, स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली आणि उपासना पुढं चालू राहिली, पण दबक्या आवाजात. पेटी बंद. ढोलकीवाल्यानं सगळी गाणी मांडीवर बोटं आपटून वाजवली. पाळकांनी उपदेश इतका हळू केला की मागच्या रांगेनं पुढं सरकून घेतला. 'आमेन' तर ओठातल्या ओठात.

मला जाग आली तेव्हा वर पंखा फिरत होता आणि खिडकीतून कललेलं ऊन आत आलं होतं. दुपार झाली होती. मी दिवसा झोपले होते. मी ताडकन उठून बसले आणि ओरडले, "कोण गेलं?"

जिन्याच्या दाराशी सगळे गोलात बसून माझ्याच भाकऱ्या खात होते. सगळे थांबले. पाळकबाई हातातला घास तसाच ठेवून माझ्याजवळ आल्या.

"कुणी गेलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "सगळे आहेत. मोजा हवं तर."

मी खरंच मोजलं. बोट दाखवून, एकेक करून. कुणी हसलं नाही. ढोलकीवाला दाराआड पाणी प्यायला गेला होता, तोही मोजणीत यावा म्हणून पुढं येऊन उभा राहिला. सगळे होते. मग मी लिंब, खाट, मोटार, सगळं सांगून टाकलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळकबाईंनी मला पाणी दिलं आणि माझा हात हातात धरून बसल्या. बरं वाटेल असं काही बोलायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, याचे मी अजून उपकार मानते.

डोळे पुसून झाल्यावर मला पहिलं काय सुचावं? मी म्हणाले, "आज झाडणं अर्धंच राहिलं. सावड तशीच राहिली की."

"कसली सावड?" पाळकबाईंनी विचारलं. त्या शहरात वाढलेल्या. मी सावड समजावून सांगितली: त्यानं माझ्यासाठी केलं, आता मला त्याच्यासाठी करायला नको का? पाळक इंदापूरच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "म्हणजे चार महिने ही बाई येशूची सावड फेडतीये!"

मी मान खाली घातली.

"ताई," ते म्हणाले, "सावड बरोबरीच्यांत असते. त्याच्या रानातलं काम त्यानं स्वतःच पुरं केलं आणि जीव सोडताना पुरं झालं म्हणून सांगितलं. आता तिथं तुम्हाला खुरपायला काही ठेवलंच नाही त्यानं. खुरपून झालेल्या रानात परत खुरपं घातलं तर काय होतं?"

"लिल्या जातात," पाळकबाई म्हणाल्या.

इतक्या चटकन म्हणाल्या की त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. आणि सगळा हॉल हसायला लागला. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. हसता हसताच मला कळलं की इथं माझ्याकडून कुणाला काही नको आहे, आणि तरी मी हवी आहे. येशूलाही तसंच. माझा झाडलेला हॉल नको, भाकऱ्या नकोत, जागरण तर नकोच. मी घोरत पडले होते तेव्हाही मी त्याला चालत होते. एवढं हलकं मला सहा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. उरलेला हॉल ढोलकीवाल्यानं झाडला. मी बसून बघितलं. तो कोपरे सोडत होता, तरी मी काही बोलले नाही.

घरी पोचले तेव्हा आत्या अंगणात मेथी निवडत होत्या.

"आज उशीर केलास."

"झोपले होते," मी म्हणाले. "तिथंच. दिवसा."

त्यांचा हात थांबला. मेथीची काडी बोटांत तशीच राहिली. आता एक जण उठून गुरांकडं जाणार, असं मला वाटलं. पण कुणीच उठलं नाही.

"त्या दिशी बी तुला असाच डोळा लागला हुता," आत्या म्हणाल्या. "मी तुला उठवाय निघाले हुते. मोटार बंद करून ये म्हणणार हुते. तर त्यो म्हणला, निजू दे तिला, सकाळपसनं वाकलीया. मी जातो. आन् तुझ्या तोंडावर ऊन येत हुतं, तर खाट आडवी लावून गेला."

ती खाट कुणी लावली हे मी सहा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

"हे मला आजवर का नाही सांगितलंत, आत्या?"

"कसं सांगू? तुला उठवलं असतं तर तू गेली असतीस, आन् त्यो सावलीला ऱ्हायला असता. मी न्हाय उठवलं." त्यांनी ती काडी खाली ठेवली. "मला वाटायचं, एक दिस तू मला हेच इचारशील, का न्हाय उठवलं म्हणून. मला बी कुठं झोप लागतीया?"

मी त्यांना भीत होते आणि त्या मला. एका भिंतीच्या अलीकडं-पलीकडं आम्ही दोघी जाग्या होतो, आणि सकाळी उठून दोघीही सांगायचो की छान झोप लागली. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना धरून रडले, त्याही रडल्या. त्यांच्या मुलाचं शेवटचं काम मला सावली करण्याचं होतं. तीही सावड फेडता येण्यासारखी नव्हती, आणि त्या दिवशी मला ते टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी लिंबाखाली गोधडी टाकली. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "आत्या, या, आडव्या व्हा."

"तू नीज. मी बसते जागी."

"तुम्हीपण निजा."

"दोघी निजल्यावर मागं बघायचं कुणी?"

"येशू आहे की."

आत्यांनी जरा विचार केला. "त्येला ठिबकचं कळतं का?"

"सुतार होता. शिकेल."

"बघ बाई, तुझ्या भरवशावर हां," असं म्हणत त्या आडव्या झाल्या. मी डोळे मिटून म्हणाले, प्रभू, आता तू बघ. काही काम आहे का, हे मी विचारलं नाही. आत्यांचं घोरणं ऐकता ऐकताच मला झोप लागली.

उठलो तेव्हा चार वाजून गेले होते. मी सवयीनं मोजायला लागले. आत्या होत्या, पदर तोंडावर घेऊन. म्हैस होती. मोटार बंद होती. शेळीनं दावं तोडून मेथीचा अख्खा वाफा फस्त केला होता आणि ती वाफ्यातच बसून रवंथ करत होती. बाकी सगळे होते.